रांगेतल्या काठ्या

आमच्या शेजारचे सर लातुरात कॉम्प्युटरचे क्लास घेतात. अल्गोरिदम, म्हणजे कॉम्प्युटरनं काम करायची रीत, ते फळ्यावर लिहीत नाहीत, स्क्रीनवर नाचवून दाखवतात. रंगीत काठ्या उड्या मारत उंचीप्रमाणे रांगेत लागतात. पुढं घुसलेल्या काठीला सर दटावतात, "ए बाई, तुजा नंबर आला का?" सगळं चालतं मात्र बैलगाडीच्या चालीनं. "पळवा की जरा," म्हटलं तर म्हणाले, "काठ्या पळत्यात हो, पोरं मागं पडत्यात ना!"

परवा चाकूरच्या एसटीला आम्ही दोघंही होतो. दाराशी रांग लावून सर उभे होते, एकटेच. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. सर चाकूरपर्यंत उभे राहिले, वर हसून म्हणाले, "लई फास्ट रीत हाय तुमची."

काल त्यांनी बोलावून नवं चित्र दाखवलं. बसच्या दारात काठ्यांची रांग, खाली एक बटण: 'रुमाल टाका'. मी ते दाबलं. सगळ्यात मागची काठी टुणकन खिडकीतून आत गेली आणि पहिली बिचारी उभीच राहिली.

"पोरान्ला एका झटक्यात कळलं बघा," सर खुशीत म्हणाले.

स्क्रीनवरच्या रुमालाला हिरव्या चौकड्या होत्या. मी माझा रुमाल खिशात आणखी खोल कोंबला.