बिनविरोध गावातला एक अर्ज

शेठने फोनचा स्पीकर चालू केला. "बोल. आम्हालाही ऐकू दे."

दुबईत, रास अल खोरच्या गोदामातली काचेची केबिन. आत शेठ, अकाउंटंट आणि चहा पिणारे दोन पाहुणे. मी दारातल्या पायपुसण्यावर. तिकडे गावी खोतांच्या अंगणात माझी बायको. शेठचे थोरले भाऊ म्हणजे गावचे खोत, त्यांनीच तिला बोलावून घेतलं होतं. फोन ओटीवर. आमच्या माणसाला ओटी चढू देत नाहीत. मग खिडकीतून वायर ओढून रिसीव्हर खाली दिला असणार. हे मला न बघता माहीत.

मी म्हणालो, "फॉर्म काढून घे."

लाइनवर खरखर. मग तिचा आवाज. "हे तुम्ही सांगताय, का ते सांगतायत?"

"मीच."

एक पाहुणा हसला.

ग्रामपंचायतीतली आमच्या बौद्धवाडीची जागा त्या वर्षी बायकांसाठी राखीव झाली होती. पण आमचं गाव कायम बिनविरोध. खोतांच्या ओटीवर नावं ठरतात, बाकीच्यांनी अर्ज मागे घ्यायचे. मग गावाचं कौतुक होतं, किती एकोपा म्हणून. या वेळी त्यांनी आमच्याच वाडीतली, त्यांची भांडी घासणारी बाई ठरवली होती. म्हणतील तिथे अंगठा. माझ्या बायकोने कुणाला न विचारता फॉर्म भरायचं ठरवलं, मला पत्रानं कळवलं आणि भरलाही. पत्र वाचून मला घाम फुटला. सातवीत शाळा सोडलेला मी. शेठने फुकट व्हिसा दिला, एसीची खोली दिली. एका खोलीत आठ जण, पण एसी. दर दिवाळीला मी त्याच्या पाया पडायचो. खोटं कशाला सांगू, मनापासून पडायचो.

केबिनमधून बाहेर आलो तर सिओने शॉर्टवेव्ह रेडिओला कान लावून बसलेला. सिओने आमचा फोर्कलिफ्टवाला. पॅसिफिक महासागरातल्या तुवालू नावाच्या बेटांवरचा, जहाजावरची नोकरी सोडून इथं लागलेला. त्याच्या देशात पार्लमेंटची निवडणूक होती आणि त्याचा मामा उभा होता. अख्ख्या बेटावरचे मतदार आमच्या जत्रेतल्या गर्दीपेक्षा कमी. पक्ष नाही, झेंडा नाही. मामा चटईवर बसणार आणि ज्याला वाटेल तो त्याला धारेवर धरणार. सिओने मोडक्या हिंदीत सांगायचा, मामा मागच्या खेपेला मूठभर मतांनी पडला. ती कुणी दिली नाहीत, ते मामीला तोंडपाठ.

सगळे हसायचे. मी आतून जळायचो. रंगानं माझ्यासारखाच. शाळा माझ्याएवढीच. त्याचा पासपोर्टही शेठच्याच कपाटात, माझ्या पासपोर्टाला चिकटून. आणि याच्या मामाला एकेका माणसासमोर बसावं लागतं. मी एवढ्या मोठ्या देशाचा. माझ्या दारात आजवर कुणी मत मागायला आलं नाही. नकाशावर सापडत नाही असं याचं बेट, आणि हा मतदार. मी कोण?

त्या दिवशी त्याच्याकडे मोजणी होती. मला बघून म्हणाला, "भाई, आज गिनती." चेहरा नुसता उजळलेला.

मला तो चेहरा सहन झाला नाही. मी उलट्या पावली केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं, सिओने कामाच्या वेळेत रेडिओ ऐकतो.

शेठने रेडिओ मागवला, कपाटात टाकला, कुलूप लावलं. सिओने काही सांगू लागला, तसं शेठने दाराकडे बोट दाखवलं. तो निघून गेला.

शेठने माझ्या खांद्यावर थाप मारली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने मला हात लावला. म्हणाला, "शाबास. तुमच्यात तुझ्यासारखी माणसं कमी."

तुमच्यात.

या थापेसाठी मी पाच वर्षं झुरलो होतो. ती मिळाली कशाबद्दल? बायकोचं तोंड बंद केलं. मग मित्राचं. त्या घटकेला मीच खोतांच्या ओटीवर बसलो होतो, आणि खाली सिओने उभा होता.

मी म्हणालो, "शेठ, त्याचा रेडिओ द्या. मी जळून चुगली केली. आणि माझ्या बायकोचा फॉर्म राहील."

शेठ आधी हसला. "व्हिसा कुणाचा रे?"

"तुमचा. पण त्या व्हिसावर मी आहे. ती नाही."

"खलास. कॅन्सल करतो. बॅग भर."

शूर वगैरे मी कधीच नव्हतो. रस्त्यापलीकडच्या बूथवरून गावच्या एसटीडीवाल्याला फोन लावला, बायकोला बोलावून आण म्हणालो. अर्ज मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत होती. ती आली. मी सांगितलं, मघाशी बोललो ते भीतीनं, फॉर्म काढू नकोस. नोकरीचं काय, तिने विचारलं. गेली, म्हणालो. कार्डावरचे पैसे संपत होते.

मग म्हणाली, "लवकर या. घरोघर फिरायला माणूस नाही."

निघण्याआधी सिओनेला सांगितलं की चुगली माझी. त्याने हात मिळवला नाही. बरोबरच केलं. मामा आला की पडला, हे मी विचारलं नाही. विचारायचं तोंड उरलं नव्हतं.

बायको पडली. पण त्या जागेसाठी गावात पहिल्यांदा मतदान झालं. पेट्या आल्या, शाई आली, त्याच प्रभागातले खुद्द खोत उन्हात रांगेत उभे राहिले. आमच्या वाडीतली म्हातारी माणसं त्यांच्या पुढे होती.

तेव्हापासून दर निवडणुकीला आमच्या वाडीतून अर्ज जातो. पडतो. परत जातो. कुणाला तो मागे घ्यायला हवा असेल तर त्याने निरोप धाडू नये. आमच्या दारात यावं आणि सगळ्या वाडीदेखत विचारावं. आम्ही नाहीच म्हणणार आहोत. पण विचारावं लागेल.