परसों म्हणजे कधी?

“ह्याचा पासपोर्ट ताब्यात घ्या आणि गुन्हा नोंदवा,” असं साहेब म्हणाले आणि तो धिप्पाड माणूस माझ्या खुर्चीशेजारी मटकन खाली बसला. रडला नाही. नुसता म्हणाला, “अम्मा, मेरा जाना गया.”

चोरी कशाची, तर मोटारीच्या चार टायरांची. खुनाच्या केसेस माझ्या डोक्यातून गेल्या, पण हा माणूस तसाच बसलेला दिसतो.

मी तेव्हा हैदराबादेत दिलसुखनगरकडच्या एका पोलीस ठाण्यात होमगार्ड होते. शाळा चौथीपर्यंत. वडील मराठवाड्यातून इथे आले, म्हणून घरात मराठी, गल्लीत दखनी आणि ठाण्यात तेलुगू. कागद लिहायला राइटर होता, बोलायला मी. बाईची झडती असो, रडणारी सून असो, मराठी फिर्यादी असो, “अम्माला बोलवा” म्हणायचे.

फिर्यादी पुण्याचे होते, संगणकवाले. नवराबायको दोघंही आले होते. त्यांनी गाडी विकली, पण तिचे चार नवेकोरे टायर घरात राहिले. फोनवर जाहिरात टाकली, तर गिऱ्हाईक निघालं लातूरचं. त्याने पैसेही आधीच पाठवले. आता टायर लातूरला धाडायचे कसे? कुरिअरवाला म्हणाला, टायर जेवढी जागा अडवतो तेवढं भाडं. फिर्यादी मला तावातावाने सांगत होते, “मावशी, म्हणजे मधल्या भोकाचंसुद्धा भाडं! हवेचं!” मग ते कोठीच्या बाजारात फिरले, आबिड्सच्या बाजारात फिरले. रेल्वेने स्वस्त पडत होतं, पण टायर स्टेशनात नेऊन टाकायचे आणि तिकडच्या माणसाने ते स्टेशनातून उचलायचे. लातूरवाला म्हणाला, माझी कंबर दुखते.

शेवटी त्यांना रात्रीच्या खासगी बसचं पार्सल ऑफिस सापडलं. तिथला माणूस म्हणजे हाच, खाली बसलेला. तो म्हणाला, “बिल नक्को बोले तो और सस्ता पड़ता साब.” फिर्यादींना स्वस्तच हवं होतं. भाडं ठरवून ते कामावर गेले, टायर बायकोने नेऊन दिले; बसमध्ये जागा झाली की चढवतो, असं हा तिला म्हणाला.

टायर लातूरला पोचले नाहीत. लातूरवाला रोज बस ऑफिसला जाऊन यायचा आणि रोज फोनवर शिव्या द्यायचा. शेवटी म्हणाला, तुम्ही लबाड आहात, मी इकडे केस करतो. तेव्हा हे आमच्याकडे आले.

पार्सलवाल्याला आणलं. आमचे साहेब, म्हणजे सबइन्स्पेक्टर, तेलुगू मुलखातल्या खम्मम बाजूचे होते, शहरात नवे. हिंदी शाळेत शिकलेले, अगदी पुस्तकातली. त्यांनी विचारलं, “टायर बसमध्ये कधी टाकलेस?”

“परसों डाला साब.”

“नक्की?”

“हौ साब, अल्ला कसम. परसोंइच डाला.”

साहेबांनी शिपाई पाठवून बस ऑफिसचं कॅमेऱ्यातलं चित्रण आणवलं. परवाचं सगळं बघितलं. गोण्या चढल्या, एक फ्रिज चढला, एका लग्नाच्या पत्रावळी चढल्या. टायर एकही नाही. आरोपी खोटं बोलतो हे सिद्ध झालं. साहेबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. कोणीही हेच म्हटलं असतं.

पण त्या माणसाचं शारजाला काम ठरलं होतं. तिथल्या गोदामात. व्हिसा आलेला, तिकीट काढलेलं. केस झाली की विमान गेलं आणि पुन्हा बोलवायला शारजावाला त्याचा मामा नव्हता.

राइटरने पेन उघडलं. मी म्हटलं, “सर, एक मिनिट. मला फिर्यादीला विचारायचंय.”

“आरोपीला विचारा ना अम्मा.”

“त्याला तुम्ही विचारलंत.”

मी पुण्याच्या साहेबांकडे वळले. “तुम्ही हैदराबादला कधी आलात हो?”

“आम्ही? अहो, परवा परवा तर आलो.”

त्यांची बायको फटकन म्हणाली, “परवा काय परवा! मुलगी इथे जन्मली, ती आता दुसरीत आहे.”

“बोलायची पद्धत असते गं.”

“तीच पद्धत,” मी म्हटलं. “तुमचा परवा सात-आठ वर्षांचा चालतो आणि ह्या बिचाऱ्याचा परसों दोन दिवसांचाच पाहिजे?”

मग साहेबांना तेलुगूत समजावलं. इथल्या दखनी माणसाचा परसों म्हणजे मागे कधीतरी. मागचा आठवडाही परसों आणि आजोबा वारले तेही परसों. त्याला तारीख विचाराल तर तो परसोंच सांगेल, फासावर चढवलंत तरी. साहेब मला म्हणाले, “मग ह्या शहरात लोक गाडी कशी पकडतात?”

मी पार्सलवाल्याला म्हटलं, “उठ रे. दिवस राहू दे. टायर टाकलेस त्या दिवशी दुसरं काय झालं ते सांग.”

त्याने डोकं खाजवलं. “बारात थी ना अम्मा! गली पूरी बंद. मर्फा बजरा था. बस निकलीच नहीं. ड्राइवर साब भी उतर के नाच लिये.”

मर्फा म्हणजे इथल्या वरातीतला ढोल. तो ऐकून म्हातारीलासुद्धा पाय आवरत नाहीत. साहेबांनी पुन्हा चित्रण आणवलं, आधीच्या आठवड्याचं. बघत गेलो, आणि आली वरात. नवरदेव घोड्यावर, पुढे पोरांचा दंगा आणि त्यात खाकी शर्टातला एक ढेरपोट्या माणूस दोन्ही हात वर करून नाचतोय. सगळं ठाणं हसलं. आरोपीही हसला, मग त्याला आठवलं की तो आरोपी आहे.

वरात गेली. पार्सलवाला बसच्या डिकीत सामान भरू लागला. साहेब स्क्रीनला नाक लावून बसले. डिकी बंद झाली, बस गेली. टायर नाहीत.

“आता?” साहेब माझ्याकडे बघत म्हणाले. खरं सांगते, मलाही वाटलं की ह्याने हात मारलाच असेल. माणूस गरीब आहे म्हणून खरा असतो असं मी नोकरीत कधीच धरलं नाही.

तेवढ्यात फिर्यादीची बायको ओरडली, “अहो, मागे घ्या! ती आपली चादर!”

डिकीत दोन मोठी गाठोडी चढली होती. गुलाबी फुलांची.

“तू टायरला चादर गुंडाळलीस?” नवऱ्याने विचारलं.

“मग काय उघडे पाठवायचे? गिऱ्हाइकाच्या घरी जाणार होते. जाडसर जुनी चादर होती, दोन-दोन टायर एकत्र शिवून टाकले. छान दिसत होते.”

“अय्यो,” एवढंच साहेब म्हणाले.

पार्सलवाला म्हणाला, “मैं बोला ना साब, डाला! दीदी इत्ता अच्छा बिस्तर बना के दिये.” नावाची चिठ्ठी चादरीवर टाचणीने लावली होती, ती वाटेत कुठेतरी पडली असणार. लातूरच्या बस ऑफिसला फोन मीच लावला. तिकडचा माणूस वैतागलेला होता.

“टायर नाहीत हो बाई! किती वेळा सांगायचं? तो गडी रोज येतोय, रोज भांडतोय.”

“गुलाबी फुलांची गाठोडी आहेत का?”

“ती होय! ती आहेत की. गाद्या आहेत कुणाच्या तरी. फळी टाकून बाकडं केलंय. तुमचा टायरवाला आत्ता त्याच्यावरच बसलाय.”

“त्याला उठवा,” मी म्हटलं, “आणि शिवण उसवा.”

फोनमधून आधी कापड टरकल्याचा आवाज आला, मग लातूरवाल्याचा. तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेबांनी फिर्यादीकडून तक्रार मागे घेतल्याचा जबाब लिहून घेतला. बिल न घेता माल दिल्याबद्दल त्यांना आणि बिल न देता घेतल्याबद्दल पार्सलवाल्याला, दोघांनाही एकाच सुरात झापलं. पुण्याच्या साहेबांनी पार्सलवाल्याचा हात धरून माफी मागितली. तो म्हणाला, “जाने दो साब, नक्को.” बाई मला म्हणाली, “मावशी, चादर परत मिळेल का?” मी तिला घरी जायला सांगितलं.

त्यानंतर मी कुठल्याही साक्षीदाराला “कधी?” असं विचारलं नाही. “तेव्हा काय चाललं होतं?” हे विचारलं. माणसाला तारीख आठवत नाही, त्याला भांडण आठवतं, जेवण आठवतं, नाच आठवतो. आणि आरोपीला जो प्रश्न विचाराल तोच फिर्यादीला विचारून बघावा. निम्म्या चोऱ्या तिथेच सापडतात आणि निम्म्या नाहीशा होतात.

त्या माणसावर गुन्हा नोंदवला गेला नाही. पासपोर्ट त्याला त्याच संध्याकाळी परत दिला. तो ठरल्या विमानाने गेला.