दोन बोटं माया

डाव्या बाहीवर मी गरम भजे ठेवले — हे मी लगेच कबूल केलं होतं. हॉलभर कागद पसरलेले. मला वाटलं रद्दी, आणि बशी शोधायचा आळस. ती रद्दी नव्हती, माझ्याच जॅकेटचा पॅटर्न होता. शुभाने — माझ्या बायकोने — तेलकट बाही दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली. तो गुन्हा आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही पाठ आहे. पण त्याच आठवड्यात मी दुसरा केला. तो परवापर्यंत कुणालाच सांगितला नव्हता. तुम्हाला सांगतो — कसा, ते बघू.

आधी जॅकेटचं सांगू द्या. नाही, टाळत नाही. म्हणजे, थोडं टाळतोय.

मी इकडे हिंदी मुलखात, उरल्याच्या कारखान्यांच्या भागात, एका रोलिंग मिलच्या ऑफिसात असतो. थंडीत सकाळी स्कूटरवर निघालं की वारं सरळ छातीत शिरतं. तयार जॅकेटं माझ्या अंगाला बसत नाहीत. हँडल धरलं की पाठीत ताणतात आणि बाह्या मनगट सोडून वर चढतात. हे शुभाने कधी पाहून ठेवलं होतं, कोण जाणे. तिने मोबाइलवर पॅटर्न शोधला, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला, कागदाला कागद चिकटवून अख्खं जॅकेट फरशीवर मांडलं. गोल बाजारातून मेंदी रंगाचं जाड सुती कापड आणलं, अस्तराला मऊ फलालीन. पुढे आटू नये म्हणून कापड आधी धुऊन वाळवलं. मग मला स्टुलावर बसवून हात पुढे करायला लावले, स्कूटर चालवल्यासारखे — आणि तसं बसवून पाठीचं माप घेतलं. हे कुठे शिकवतात का? मला तर वाटतं, नुसतं पाहता येणाऱ्या माणसालाच सुचतं.

मग तिने टेप पोटाभोवती घातली.

आता — कसं सांगू? मी श्वास रोखला आणि पोट आत ओढलं. ज्या बाईने ते पोट स्वतःच्या हाताने वाढून वाढून तयार केलं, तिच्यापासूनच लपवायचं? पण ती इतकी जवळ उभी होती, ओठांत टाचण्या, आणि इतकं निरखून तिने माझ्याकडे फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मला बरं दिसायचं होतं, बस. तिने एकदा वर पाहिलं आणि माप लिहून घेतलं.

इथवर हसण्यावारी जाईल. पुढचं जात नाही.

जॅकेट तयार झालं तेव्हा माझी मोठी बहीण नागपूरहून आली होती. तिच्यासमोरच अंगात घातलं. खांदे असे बसले की अंगावर काही आहे हेच कळेना. हात पुढे केले, वर केले, कुठं ओढ नाही. फक्त बटणं लागेनात. पोटावर अडलं.

"कागद पाहून शिवलं का असंच होते, शुभा," ताई म्हणाली.

एक वाक्य पुरलं असतं — पोट माझं, लबाडी माझी. आणि मी काय म्हणालो? "मी तर म्हणूनच राहिलो होतो, शोरूममधून घेऊ. घरचं ते शेवटी घरचंच." म्हणालो आणि हसलो. ताईही हसली. शुभा टेप बोटांना गुंडाळत बसली. मला वाटलं, कुठे चुकलं ते शोधते आहे. मी शोधू दिलं.

तिने जॅकेट घेतलं, बाजूच्या शिवणी उसवल्या. आत चांगली दोन बोटं माया निघाली, शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड. एरवी ती बोटभरही ठेवत नाही, कापड वाया जाते म्हणते. मग इथंच एवढी काहून, असं तेव्हा माझ्या मनात आलं का? नाही आलं. जॅकेट सैल झालं, मला मिळालं, विषय संपला. आजही तेच घालतो. धुऊन धुऊन जुन्या गोधडीसारखं मऊ झालंय. ऑफिसात विचारतात, "भैया, कहाँ से लिया?" मी छाती काढून सांगतो, घरी शिवलं. तिथं खरं बोलायला माझं काय जातं?

तिने मात्र त्यानंतर जॅकेट शिवलं नाही. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका माझं पाहून कापड घेऊन आल्या. सगळ्यांना एकच उत्तर — "जॅकेट मले जमत नाही." मशीनवर साडीचे फॉल तेवढे, आणि उशांचे अभ्रे. पॅटर्नची गुंडाळी कपाटावर. ते उत्तर मी दर वेळी पेपरामागे बसून ऐकलं. पोट आत ओढलं ती हौस होती. पेपर वर धरला तो भ्याडपणा. त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

परवा आमची मुलगी म्हणाली — ती पुढच्या शिक्षणाला डेहराडूनला निघाली आहे, तिकडे थंडी फार — "मम्मी, पापा जैसा जैकेट मेरे लिए भी बना दो ना."

"बाहेरून घे. मले जमत नाही जॅकेट."

मुलगी आत गेली. मी पेपर खाली ठेवला आणि सांगून टाकलं. टेप, श्वास, ताईसमोरचं ते हसणं, सगळं. शुभा मेथी निवडत होती. हात थांबला नाही.

"पोटाचं मले तेव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "नाहीतर माया काहून ठेवली असती? ताईंसमोर मी तुमची लाज राखली. तुम्ही माझी राखाल, म्हणून वाट पाहून राहिली होती."

तिने मेथीचं ताट बाजूला सरकवलं. "ती गुंडाळी काढा कपाटावरची. अन् पोट्टीले आवाज द्या, माप घ्याचं आहे. तुम्ही मधात बोलू नका."