कानसेनांचं मत

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आधी लिफ्ट उघडतो. कानसेन आधी ऐकायचे. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरले की सोबतच्याला गप्प करायचे, डोळे मिटायचे आणि लिफ्ट एकदा वर, एकदा खाली न्यायला सांगायचे. मग म्हणायचे, "ब्रेक घासतोय. डावीकडचा." उघडून बघावं तर डावीकडचाच निघे. कंपनीत कुणीतरी गमतीने त्यांना कानसेन म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. "काहीतरीच काय," असं ते वरवर म्हणत, पण कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला त्यांना जरा वेळ लागे.

लिफ्टला कान दिले होते ते पोटासाठी. जीव होता तो सिनेमाच्या पार्श्वसंगीतावर. गाण्यांच्या रेकॉर्डी जमवणारे पुष्कळ असतात, कानसेनांना गाणी नकोत. नायिका जिना उतरते, कुणी एकटा खिडकीत उभा राहतो, तेव्हा मागे जे वाजतं आणि ज्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं, ते त्यांना हवं. असल्या संगीताच्या वेगळ्या रेकॉर्डी निघतात हेच बहुतेकांना माहीत नसतं. सिनेमा कधीच पडलेला, नट विस्मरणात गेलेले, आणि त्याचं संगीत मात्र कानसेनांच्या कपाटात ताठ उभं. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत या कपाटाने खाल्ली होती. पाहुणे दोनापेक्षा जास्त आले की उरलेले स्वयंपाकघरात बसत.

या घराचे काही कायदे होते. नवी रेकॉर्ड आली की आतलं कागदी पाकीट आधी काढून टाकायचं, कारण कागदाने चरे पडतात. त्याऐवजी मऊ प्लास्टिकचं घालायचं. कागदी पाकीट न वाचता पलंगाखालच्या खोक्यात जायचं. त्यावर काय छापलंय ते बघायचंसुद्धा नाही, कारण आपलं मत बनायच्या आत दुसऱ्याचं अक्षरही वाचायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे रेकॉर्ड चालू असताना घरात आवाज नको.

हा कायदा बायकोला सगळ्यात जड गेला. ती सतत गुणगुणायची. कपड्यांच्या घड्या घालताना, बटण लावताना, कुंडीतली माती उकरताना. तोंड मिटलेलं, शब्द नाहीत, सूर कुठून उचललाय तिचा तिलाही पत्ता नाही. कानसेन खुर्चीत डोळे मिटून बसलेले असत आणि आतून हा सूर यायचा. ते डोळे न उघडता एक बोट वर करायचे. उघड्या दारातून ते दिसलं की आतला सूर बंद व्हायचा. भांडण नाही, तंटा नाही. बोट वर, सूर बंद, अशी वर्षं गेली. पुढे पुढे ती त्यांची चाहूल घेऊनच गुणगुणायला लागली. ते कामावर गेले की घर तिचं. तरी ते घरी असतानाही अधूनमधून सूर निसटायचाच, आणि बोट वर व्हायचं.

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी रेकॉर्डींच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शौकीन जमत. प्रत्येकाने महिन्याभरातली खरेदी आणायची, कव्हर हातोहात फिरवायचं आणि आपलं मत सांगायचं. रेकॉर्ड तिथे वाजवायची नाही. पूर्वी एकदा वाजवली होती, तर कुणाचा तरी चहा तिच्यावर सांडला आणि वर्षभर अबोला झाला. तेव्हापासून घरी ऐकून यायचं आणि फक्त बोलायचं. दुकानदार मत द्यायचा ते विकायच्या दृष्टीने. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांना सगळंच आवडायचं. कानसेनांच्या मताला मात्र लोक थांबत. कौतुक ते करत, पण त्यांची खरी ख्याती होती ती सालटी काढण्यात. ते कुणाची कशी सोलतात हे ऐकायला, ज्यांच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्रही नाही, असे दोघे-तिघे नेमाने येत.

कानसेनांची मुलगी याच वेडात वाढली आणि संगीतकार झाली. एका छोट्या सिनेमाचं पार्श्वसंगीत तिला मिळालं. टोलनाक्यावर बसणाऱ्या एका बाईची गोष्ट, आला कधी आणि गेला कधी कळलंही नाही असा सिनेमा. पण निर्मात्याने हौसेने त्या संगीताची रेकॉर्ड काढली. मुलीने ती आणून बापाच्या हातात ठेवली.

"बाबा, घरची म्हणून सोडू नका हां. रविवारी सगळ्यांसमोर जे वाटेल ते सांगा. मी येणारेय ऐकायला. आईपण येणारेय."

"आई?" कानसेनांना हसू आलं. "तिला काय कळणार त्यातलं?"

त्या रविवारी बायको ठेवणीतले कपडे घालून निघाली. केस नीट बांधलेले, पर्समध्ये नवा रुमाल. "लग्नाला निघालीस की काय?" कानसेनांनी विचारलं. ती नुसती हसली. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं, हे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं, आणि वाटून काही उपयोग नाही.

मागच्या खोलीत त्यांनी कव्हर फिरवायला दिलं आणि घसा साफ केला. पोरीची पहिली रेकॉर्ड होती. पण आपण निःपक्षपाती आहोत हे आज चारचौघांना दिसेल याची त्यांना आत कुठेतरी खुशीही होती.

"पोर माझी आहे, पण कान माझे आहेत," ते म्हणाले. "संगीत रेंगाळतं. टोलनाक्यावरची गाडी पुढे सरकतच नाही. चेलो पोट दुखल्यासारखा कण्हतो. आणि दुसऱ्या बाजूला तो जो कुणी बुवा गुणगुणतो ना, त्याला आधी झोपेतून उठवा. घसा बसलाय, दम लागलाय, सूर जमिनीवरून घासत चाललाय. असल्या माणसाला माइकसमोर उभा कुणी केला?"

खोलीत हशा पिकला. मुलगी खुर्चीतून अर्धी उठली. "बाबा, तुम्ही ती..." आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. कानसेनांना वाटलं, पोरीला लागलंय आणि आई समजूत घालतेय. त्यांनी जरा मऊ सुरात जोडलं, "पण प्रयत्न चांगला आहे हो." दातांच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी घरी न येताच परस्पर गेली. पोरीला खरं सोसत नाही, असं कानसेन तेव्हा म्हणाले. रेकॉर्ड त्यांनी पुन्हा लावली नाही.

असेच काही महिने गेले. मुलीचे फोन येत, ती आईशी बोले आणि "बाबांना विचारलंय म्हणून सांग" एवढ्यावर ठेवून देई. घर शांत झालं होतं. कानसेनांना बोट वर करावं लागत नव्हतं, आणि करावं लागत नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. एवढे तयार कान, पण वर्षानुवर्षं येणारा आवाज यायचा थांबला ते त्यांनी ऐकलं नाही.

मग एका रविवारी दातांच्या डॉक्टरांनी पिशवीतून तीच रेकॉर्ड काढली. कुठल्याशा दुकानात त्यांना तिची दुसरी प्रत मिळाली होती.

"मला माफ करा, कानसेन," डॉक्टर म्हणाले, "पण माझं मत वेगळं पडतं. त्या बाईचं गुणगुणणं मी दवाखान्यात लावलं होतं. मी हातातलं काम थांबवून ऐकत बसलो. पेशंट बिचारा आ करून तसाच."

"कुठली बाई?" कानसेन म्हणाले. "पुरुष आहे तो. तुमचे दात पक्के असतील डॉक्टर, कान नाहीत."

लोक हसले. डॉक्टरही हसले आणि त्यांनी आतलं कागदी पाकीट पुढे केलं. "सुरुवातीला मलाही तसंच वाटलं. मग हे वाचलं. मोठी रेकॉर्ड आहे पण पंचेचाळीसवर लावायची आहे. आपण आपले सवयीने तेहतिसावर लावतो."

मिनिटाला तेहतीस फेरे आणि पंचेचाळीस फेरे, एवढाच काय तो फरक. मोठ्या रेकॉर्डी तेहतिसाच्या असतात हे या लोकांना इतकं अंगवळणी पडलेलं की यंत्राचा खटका तिकडे वळवायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. जलद वेगासाठी बनवलेली रेकॉर्ड मंद लावली की सगळंच रेंगाळतं. चेलो कण्हतो, आणि बाईचा आवाज पुरुषाचा होतो. कानसेनांच्या पायाखालची वाळू सरकली. लिफ्टची एक तक्रार आलीय असं काहीतरी पुटपुटून ते उठले आणि थेट घरी आले.

बायको बाजारात गेली होती. त्यांनी रेकॉर्ड काढली, दुसरी बाजू लावली आणि खटका पंचेचाळीसवर नेला. खुर्चीत बसायचं त्यांना सुचलं नाही.

सूर त्यांनी ओळखला नाही. ओळखला तो श्वास. एका ठिकाणी ती ओळ अर्धी सोडून श्वास घेते आणि उरलेली जरा उशिराने पुरी करते, घडी घालता घालता चादरीचं दुसरं टोक शोधावं तशी. हे त्यांनी हजारदा ऐकलं होतं. आतल्या खोलीतून, डोळे मिटून, बोट वर करता करता. आवाज स्वच्छ होता, जवळचा होता, आणि चांगला होता. चांगला म्हणजे घरातलं माणूस म्हणून नव्हे. दुसऱ्या कुणाची रेकॉर्ड असती तर त्यावर ते रविवारी अर्धा तास बोलले असते.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"आईचा आवाज आहे तो."

"हो," मुलगी म्हणाली. "दोन दिवस स्टुडिओत येत होती. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. रविवारी तुम्ही सांगाल, हा आवाज कुणाचा ते मी ओळखलं, असं तिला वाटत होतं. म्हणून तर तयार होऊन आली होती."

"मी वेग चुकलो गं."

"ते मला तिथेच कळलं, तुम्ही पुरुष म्हणालात तेव्हा. मी बोलणार होते. आईने बोलू दिलं नाही. चारचौघांत बापाचं हसं करू नकोस म्हणाली."

"पण नंतर घरी तरी सांगायचं. वेगाचीच चूक होती ना?"

"मीही तिला तेच म्हटलं, बाबा. ती म्हणाली, वेग बदलला तरी आपलं माणूस ओळखू येतंच की."

मुलगी पुढे म्हणाली, की नव्या सिनेमासाठी तिने आईला पुन्हा विचारलं होतं. आई नको म्हणाली. तिच्या जागी आता एक शिकलेली गायिका आहे. गाते छान, पण ते जमत नाही.

बायको पिशव्या घेऊन आली. कानसेन दारातच उभे होते. त्यांनी पिशव्या हातातून घेतल्या, हे एरवी कधी घडत नसे, त्यामुळे ती घाबरलीच.

"काय झालं? कुणाला बरं नाही का?"

"तो आवाज तुझा होता."

"अय्या, कळलं होय," ती म्हणाली आणि चपला काढायला वाकली. "बरं झालं. मला वाटलं, काय झालं नि काय नाही."

"मी फार वाईट बोललो. लोक हसले तुला."

"मला कुठे हसले? त्या बुवाला हसले." ती हसली. खोटं हसली असं नाही. खरंच हसली, आणि तेच कानसेनांना सोसलं नाही. "अहो, जाऊ द्या ना. मी काय गाणारी आहे का? लेकीने हट्ट केला म्हणून गेले. तुम्हाला नाही आवडलं, संपलं."

"मला आवडलंय. फार आवडलंय. आत्ता ऐकली मी."

"बरं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. राग असता तर काढायला जागा होती.

पुढच्या रविवारी कानसेनांनी मागच्या खोलीत उभं राहून सांगून टाकलं. रेकॉर्ड मी चुकीच्या वेगाने ऐकली, माझं मत खोटं होतं, तो आवाज माझ्या बायकोचा आहे आणि तो उत्तम आहे. आता आपली अब्रू जाणार, लोक कानसेन म्हणायचं सोडणार, या धास्तीने त्यांना आदल्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. लोक हसले. दुकानदार म्हणाला, "होतं असं." डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. पाचेक मिनिटांत कुणीतरी आपलं नवं कव्हर पुढे केलं आणि विचारलं, "कानसेन, यावर तुमचं मत?" या माणसांपुढे मिरवायला आपण तेव्हा एवढी जीभ चालवली होती, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची किळस वाटली. मत त्यांनी दिलं नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. "कशाला उगीच सगळ्यांना सांगत बसलात?" ती म्हणाली, पण कानापर्यंत लाल झाली.

त्यानंतर कानसेनांनी संध्याकाळी रेकॉर्डी लावणं बंद केलं. "गा" असं तिला कसं म्हणायचं? म्हटल्यावर ती गाईल ते वेगळं असेल. ते आपले खुर्चीत बसत, पेपर उघडा धरत आणि ऐकत. आत इस्त्री फिरल्याचा आवाज येई. नळ सुटे, बंद होई. कपाटाचं दार वाजे. मोटारीच्या खोलीत डोळे मिटत तसे ते डोळे मिटत आणि वाट बघत. आज येईल, उद्या येईल. निदान एखादी ओळ, निदान अर्धी.

एका संध्याकाळी ती घडी घातलेले कपडे घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर थांबली.

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

"आहे की. का?"

"मग हल्ली काही लावत का नाही?" ती म्हणाली. "लावा बाई काहीतरी. घर नुसतं खायला उठतं."

कानसेन उठले. कपाटासमोर जाऊन त्यांनी हाताला लागली ती रेकॉर्ड काढली आणि लावली. बायको समाधानाने आत गेली, आणि जाताना सवयीने, आवाज होऊ नये म्हणून, दार हलकेच ओढून घेतलं.