स्कीमात नसलेलं ‘कै.’

कोणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी उठून चहा टाकायला जायचे. रोज डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईला कसलं आलंय भूत? पण आता मी उठत नाही, ऐकत बसते...

मी ग्वाल्हेरची, ऑफिस सिटी सेंटरला. आमच्या मराठी मंडळाची सभासद-यादी एका जुनाट कंप्यूटरवर होती. मी हौसेने स्क्रिप्ट लिहून दिली — रोज सकाळी अकराला यादीचं टेबल आपोआप फाइलमध्ये निघणार, सोबत त्याचा स्कीमा, म्हणजे कुठल्या कॉलमात काय चालतं त्याची व्याख्या. नावाआधीच्या कॉलमात श्री., सौ., श्रीमती, चि., कु. एवढंच चालायचं. माणूस वारला की मंडळवाले नोंदच काढून टाकायचे, त्यामुळे ‘कै.’ स्कीमात नव्हतंच.

तरी एका सकाळी फाइलमध्ये दर्पण कॉलनीतल्या एका काकूंच्या नावाआधी ‘कै.’ आलं. टेबलमध्ये मात्र ‘सौ.’! काहीतरी बग असेल म्हणून मी हसण्यावारी नेलं. चौथ्या दिवशी काकू गेल्या.

पुढच्या आठवड्यात ‘कै.’ माझ्या बाबांच्या नावाआधी होतं.

घरी फोन लावला तर बाबा मजेत पोहे खात होते. काही सुचेना, तेव्हा मी त्यांची नोंदच डिलीट केली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आता ‘कै.’ बाबांच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला लागलं होतं — गोरखीत राहणारे एक रिटायर्ड मास्तर, मी कधी न पाहिलेले. खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली.

त्यांचा मोबाइल नंबर त्याच ओळीत होता. पण फोन करून सांगणार काय? नाही केला... चौथ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो आला.

मी स्क्रिप्ट बंद केली. ऑफिसातल्या सीनियरना दाखवली, तर म्हणाले, “कोड एकदम ठीक है मैडम, ये वैल्यू तो आ ही नहीं सकती.” मग आली कशी? मला आजही माहीत नाही.

मंडळाची नवी यादी छापून आली तेव्हा बाबा फार नाराज झाले.

“माझं नाव कसं काय गायब? इतकी वर्षं मेंबर आहे मी! किसने हटाया?”

“चुकून राहिलं असेल बाबा. टाकते.”

ते रोज आठवण करून देतात. मी रोज “आज नक्की” म्हणते, आणि टाकत नाही.