सुरंगीवरचे पतंग

आमचे दत्तारामकाका आचऱ्याला शाळामास्तर होते. फाल्गुनात सुरंगी फुलली की आमच्या घरामागच्या सामायिक परड्यातल्या झाडावर नखाएवढे राखी पतंग येत, तेही आठच दिवस. मागच्या पंखाला पिवळी कड. गावातल्या झाडून साऱ्या सुरंगी काकांनी धुंडाळल्या, पण दुसरीकडे कुठेच ते दिसले नाहीत. याचं नाव काय, एवढाच काकांना ध्यास.

त्यांनी मुंबईच्या एका संग्रहालयाला चित्र काढून पाठवलं. तिथल्या साहेबांनी लिहिलं, ‘चित्रावरून ओळख पटत नाही. कदाचित हा अजून कुणी नोंदलेलाच नसेल. पंखांवरची भुकटी न पुसता नर-मादी पाठवा.’ त्या ‘कदाचित’ने काकांची झोप उडाली. दोन वर्षं प्रयत्न केले, पण भुकटी बोटांना लागे आणि आठ दिवस सरून जात.

१९६१ साली काकांच्या चुलतभावांनी नव्या घराच्या आढ्यासाठी नेमकं तेच झाड मागितलं. काका, धाकट्यांच्यासुद्धा, पाया पडले. “एवढो फाल्गुन जाऊ दे रे!” मेले हसले, पण पाडव्यापर्यंत थांबले.

सातव्या दिवशी सकाळी सालीवर बसलेली जोडी बोट न लावता बरणीत पकडता आली. काकांनी ती डब्यात कापसावर निजवली आणि ते शाळेत गेले. शेजारचा बाबली आगबोटीने मुंबईला निघाला होता, तो दुपारी डबा नेणार होता.

रुक्मिणीकाकीने झाकण उघडून पाहिलं. “साहेबाक रिकामो डबो धाडूचो? लोक काय म्हणतले गो?” आमच्याकडून मुंबईला कुणी मोकळा डबा पाठवत नाही. तिने कापसावर आमसुलं दाबून दाबून भरली. आणि मी, वीस वर्षांची घोडी, दोरीच्या गाठीवर बोट धरून उभी! मला माझा अजून संताप येतो.

पाडव्यानंतर झाड पडलं. वैशाखात पत्र आलं. काकांच्या खांद्यावरून मीही वाचलं : ‘आमसुलं उत्तम. पतंगांचा मात्र चुरा झाला आहे. पुढल्या वसंतात नवी जोडी पाठवावी.’ काका परड्यातल्या खुंटाकडे बघत राहिले. मला ओरडून रडावंसं वाटलं.

काकी हात पुसत बाहेर आली. “काय लिवल्यान साहेबान?”

“आमसुला खूप आवडली म्हणता.”

“बघलात मां? तुमी तर रिकामोच धाडी होतात!”

“होय गो,” काका म्हणाले.

त्या उन्हाळ्यात काकीने साहेबासाठी म्हणून शेरभर आमसुलं जास्त वाळवली.