करुणाची पांढरी साडी

करुणाची खुर्ची सलग दुसऱ्या रविवारी रिकामी दिसली, तेव्हा मी वर्ग लवकर आटोपला आणि गुडीहत्नूरची बस धरली. तिथे हायवेला तिच्या नवऱ्याचं, जोसेफचं, भाजीचं दुकान आहे. न सांगता वर्ग बुडवणाऱ्यांचा मला फार राग येतो. शाळेतून रिटायर झाले तरी ही खोड काही गेली नाही.

मी आमच्या चर्चची कॅटेकिस्ट आहे. म्हणजे कॅथलिक व्हायला आलेल्या मोठ्या माणसांना शिकवायचं, त्यांच्या शंका ऐकायच्या आणि तयारी झाली की फादरांपुढे उभं करायचं. माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींचा बाप्तिस्मा अजून व्हायचा असतो. काही दुसऱ्या चर्चची असतात, त्यांचा आधीच झालेला असतो. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, म्हणून या दुसऱ्यांवर पुन्हा पाणी घालत नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर श्रद्धा कबूल करायची. मग फादर कपाळाला पवित्र तेल लावतात, आणि त्याच मिस्सात, म्हणजे उपासनेत, त्यांना पहिल्यांदा कम्युनियनची पवित्र भाकर मिळते. शिकवणारी मी एकटी, त्यामुळे दोन्ही तऱ्हा एकाच वर्गात बसतात. घोळ झाला तो इथेच.

करुणा दुसऱ्या तऱ्हेची. तिचे वडील बाजारहत्नूरजवळच्या एका खेड्यात छोट्या प्रार्थनाघराचे पास्टर होते. सहा दिवस कापसाची शेती आणि रविवारी उपदेश. गावच्या नाल्यात त्यांनीच मुलीला बाप्तिस्मा दिला. ते आता नाहीत. कॅथलिक व्हायचं कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘टीचर, घरात आमी एकाच ताटात जेवतो. मिस्सात मातर जोसेफ कम्युनियनले उठून जाते अन् मी बाकावर बसून राह्यते. आता पोरगीबी जाईन. मंग मी एकलीच काऊन?’’

इतकं सरळ उत्तर मला वर्गात फारसं मिळत नाही. तेव्हाच करुणा मला आवडली.

दुकानात पोचले तर ती वांगी निवडत होती. माझ्याकडे बघेना. शेवटी जोसेफनेच सांगितलं. वर्गातल्या बाकीच्या बायका बाप्तिस्म्यासाठी पांढऱ्या साड्या घेत होत्या. ते बघून त्याच्या आईनेही हौसेने सुनेसाठी एक आणली. त्या दिवसापासून करुणा गप्प होती.

‘‘ती साडी नेसून मी पुन्ना पान्यात उतरली,’’ करुणा हळूच म्हणाली, ‘‘त बाबांनं केलं ते काय व्हतं? खोटं?’’

माझा राग तिथेच जिरला. तुझ्यावर कोणी पाणी घालणार नाही, तुझ्या बाबांचा बाप्तिस्मा आम्ही खराच मानतो, असं मी तिला सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मला किलोभर वांगी बांधून दिली.

फादर केरळचे. आमच्या भागातलं तेलुगू ते झकास बोलतात, मराठी बेताची. त्यांना मी हे सांगितलं, तर त्यांनी नियमावर बोट ठेवलं. बाप्तिस्मा खरा धरायला दोन गोष्टी लागतात. पाणी, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांचं नाव. काही मंडळ्यांत नुसतं येशूचं नाव घेऊन बाप्तिस्मा देतात, तो चालत नाही. लहान प्रार्थनाघरांत दाखला मिळत नाही, तेव्हा बाप्तिस्म्याला हजर असलेलं माणूस शोधा, असं ते म्हणाले. शंका राहिलीच तर ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ असं म्हणून पाणी घालायचं.

‘‘फादर, त्या ‘तर’वरच ती उठून जाईल,’’ मी म्हणाले.

‘‘मग नीट विचारा,’’ फादर म्हणाले. ‘‘पण उत्तर तुम्ही सुचवायचं नाही.’’

त्या वेळी नाल्यावर असलेल्यांपैकी एकच माणूस आता हयात होतं. करुणाची आई. आणि मुलगी नवऱ्याच्या चर्चमध्ये जाणार हे कळल्यापासून तिने लेकीशी बोलणं टाकलं होतं.

करुणा आणि मी ऑटोने तिच्या माहेरी गेलो. म्हातारी अंगणात ज्वारी पाखडत होती. लेकीला बघून तिचं सूप थांबलं. मला एकटीला बसायला पाट दिला. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं आणि विचारलं, पास्टरांनी करुणाला बाप्तिस्मा देताना काय म्हटलं होतं?

‘‘येशूच्या नावानं देल्ला, अजून काय?’’ म्हातारी म्हणाली.

नुसतं येशूचं नाव चालत नाही, हे मी करुणाला ऑटोत सांगितलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ‘पिता, पुत्र’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते, पण मला उत्तर सुचवायचं नव्हतं. मी म्हणाले, ‘‘नाल्यावर गेलात तिथपासून सगळं सांगा.’’

म्हातारीने सूप खाली ठेवलं. पाणी थंड होतं, म्हणाली. ती स्वतः काठावर कोरडं लुगडं घेऊन उभी होती. पोरगी घाबरून बापाचा सदरा सोडत नव्हती. सांगता सांगता म्हातारीचा उजवा हात आपोआप पुढे आला, डोक्यावर ठेवल्यासारखा.

‘‘पित्याच्या नावानं म्हणे अन् बुडवलं. मंग वर काढलं. पुत्राच्या नावानं, पुन्ना बुडवलं. पवित्र आत्म्याच्या नावानं बुडवलं त हिच्या नाकातोंडात पानी गेलं. मी वरडली, सोडा तिले. त्याइनं नाई सोडलं. आमेन म्हटलं, मंगच सोडलं.’’

करुणा रडायला लागली. म्हातारीने तिला जवळ ओढलं आणि त्याच हाताने तिची पाठ चोळत राहिली. लेकीला नाल्यातून आत्ताच बाहेर काढलंय, अशी. मीही रडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

निघताना म्हातारीने मला थांबवलं. ‘‘बाई, तुमचे फादर हिच्यावर दुसरं पानी नाई न घालनार?’’

नाही, मी म्हणाले.

तिची साक्ष फादरांनी मान्य केली. करुणाला चर्चमध्ये घेतलं त्या रविवारी ती हिरव्या साडीत होती. सासूने पांढऱ्या साडीचा नातीला पहिल्या कम्युनियनसाठी फ्रॉक शिवला. म्हातारीही आली, शेवटच्या बाकावर बसली. कम्युनियनच्या वेळी जोसेफ उठला आणि त्याच्या मागे करुणा उठली. म्हातारी कॅथलिक नाही, तिला तिथे जाता येत नव्हतं. त्या दिवशी मीही गेले नाही, तिच्याशेजारी बसून राहिले. ती रांगेतल्या हिरव्या साडीवरून नजर काढत नव्हती.

‘‘पुरलं त्याइचं पानी,’’ ती म्हणाली.

आता मी पहिल्या दिवशी धडा शिकवत नाही. तुम्हाला पाण्यात कोणी उतरवलं, ते आधी विचारते आणि ऐकून घेते. आणि सासवांना सांगते, साडी घ्यायची तर मला विचारून घ्या.